दाजी पोचेपर्यंत झाडू बंद

हॅलो?… हॅलो. सोलापूर स्टेशन, स्टेशनमास्तरांची खोली. सॅनिटरी इन्स्पेक्टर विरुपाक्ष बोलतोय. कोण पाहिजे?

अक्का?… शिवबाई अक्का, तू? अगं, एवढी ओरडू नकोस. आवाज तारेतनं येतो, गच्चीवरनं नव्हे.

हो, हो… गेली की गाडी. दाजी बसले, शिटी झाली, गाडी हलली. बहिणीच्या नवऱ्याला निरोप द्यायला मेव्हण्यानं जेवढं धावायचं तेवढं धावलो मी. अजून धाप लागतीय.

काय विसरले?… पिकदाणी?

चांदीची पिकदाणी घरीच राहिली… कोनाड्यात… हं.

काही नाही गं. आमच्या खांबाला काय झालं ते आत्ता कळलं. परवाच चुना दिला होता त्याला. आपले दाजी, शहर स्वच्छता संघाचे अध्यक्ष रावसाहेब महादेवप्पा, डब्याच्या दारात उभे राहिले, हात जोडले, आपलं सोलापूर आरशासारखं करून दाखवू म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या चालू असतानाच मान वळवून… हो. खांबावर. लांबनं बघितलं तर कुणी कुंकवाचा हात मारलाय असं वाटतंय.

नाही, अक्का. मोहोळला गाडी थांबवून पिकदाणी पोचवता येत नाही. राहू दे. पुण्यातही खांब आहेत की.

बरं, ठेवू का? इथं लई घाई आहे…

अजून काय?… तुझ्या सासूबाई शेजारीच उभ्या आहेत वाटतं. मग गुरम्मा अव्वांनाच दे की फोन… असं. या यंत्राला किती जणांची तोंडं लागली असतील म्हणून त्या तोंड लावत नाहीत. म्हणून तू लावायचं. बरं, तू लाव. सांग.

झाडायचं नाही?… घर ना? मग नका झाडू. माणूस गावाला गेलं की त्याच्यामागं लगेच कोण झाडतंय. मयताला नेल्यावर झाडतात. हे मला काय नवीन आहे?… 

हां, स्टेशन. 

कळलंय मला ते. अव्वांनी दिवाणजीला पाठवला होता की मघाशी. गाडी हलती न हलती तोवर माझ्या कानाला लागला. म्हणाला, रावसाहेबांनी शेवटचं पाऊल उंबऱ्यावरनं नव्हे, प्लॅटफॉर्मावरनं उचललं, तेव्हा आजच्यापुरता प्लॅटफॉर्म हाच उंबरा. अव्वांना वकील करायला पाहिजे होतं, अक्का. 

थांबवलं म्हणजे काय, लगेच थांबवलं. आमचा झाडूवाला येडू आणि त्याची बायको बाळाबाई, दोघं खराटे घेऊन निघालेच होते. मी म्हटलं, थांबा, झाडू नका. नोकरी दाजींनी लावलेली, दाजींच्या आईचा शब्द मी मोडतोय होय? थांबले ते दोघं. बाळाबाईनं तर हात जोडले मला. भ्याली असंल.

पण ते मघाचं झालं. आता किती वेळ थांबायचं ते विचार… 

पोचल्याची तार येईपर्यंत?… पुण्याहून?

अगं, ती येणार दिवेलागणीनंतर. बैलगाडी होती तेव्हा माणूस वेशीबाहेर गेलं की बायका केरसुणी घ्यायच्या हातात. आता आगगाडी झाली, तर शकुन लवकर सुटावा की नाही? तो आणखी लांबला. विमान आलं तर वर्षभर झाडायला नको.

सीनेचा पूल ओलांडला की चालेल का, विचार बरं… विचारून तर बघ…

नाही म्हणाल्या. बरं.

आता मी काय सांगतो ते ऐक, आणि जसंच्या तसं त्यांना सांग. आज मोठा साहेब येतोय. गोरा. तपासणीला. त्याची स्पेशल गाडी वाडीकडनं निघालीय, आम्हाला तार आत्ता आली, तुमचा बँड वाजत होता तेव्हा… मास्तर, कुठं आली म्हणालात?… अक्कलकोट रोड सोडलं. ऐकलंस ना? त्याच्या पुढं होटगी, आणि होटगीच्या पुढं आम्हीच.

अगं, पण प्लॅटफॉर्म कसा झालाय तू कुठं बघितलंस? तू टांग्यात बसून गेलीस. मी खिडकीतनं बघतोय. झेंडूच्या माळा तुटून पडल्यात, त्यावर माणसं नाचून गेलीत. शिऱ्याचे द्रोण. शेंगांची टरफलं तर विचारू नको, भुसार पेठेतले सगळे हमाल दाजींच्या नावानं शेंगा खाऊन गेले. नारळ फोडायला दगड मिळेना म्हणून पार्सलच्या तराजूवर फोडला, पाणी तराजूत, करवंटी रुळात. दाजींच्या हातावर दही घातलं ती वाटी कुणी तरी लाथाडली. आणि तुम्ही ओवाळून टाकलेल्या मीठ-मोहऱ्या, लिंबं… ती लिंबं ओलांडायला नको म्हणून हमाल पेट्या घेऊन लांबनं वळसा घालतायत. 

हो, शकुनाचंच आहे सगळं. तेच म्हणतोय मी. एवढा शुभ कचरा या स्टेशनानं जन्मात बघितला नव्हता.

साहेबानं हे बघितलं तर?… माझं काय व्हायचंय. मला कागद येईल, मी उत्तर देईन, दाजी मुंबईला कुणाला तरी भेटतील, मिटेल. येडूचं नाव कटेल.

अगं, कटतं. त्याचा भाऊ भिमा होता ना इथंच. गेल्या तपासणीला साहेबाच्या बुटाखाली केळ्याचं साल आलं. साल टाकणारा गृहस्थ फर्स्टक्लासच्या वेटिंगरूममध्ये बसून दुसरं केळं सोलत होता. त्याला साहेबानं टोपी काढून नमस्कार केला आणि भिमाला कामावरनं काढला. रेल्वेची खोली होती ती त्याच दिवशी खाली करायला लावली. बायकापोरं घेऊन कुठं गेला कुणाला माहीत. त्याच्या जागी माणूस काही दिला नाही. भिमाचं काम येडू-बाळाबाईच्या अंगावर पडलं. तेव्हापासून एवढं लांब स्टेशन दोघं झाडतात.

आणि दाजींनी त्यावर संघात ठराव केला होता, आठवतो? स्टेशन घाण असतं, कारण झाडूवाले कामचुकार आहेत. एकमतानं पास. फुलांचे हार झाले, ते हार कुणी उचलले? येडूनं.

मी चिडलो नाही. मी खरं ते सांगतोय.

काय म्हणतात अव्वा?… सतरंज्या?

केरावर सतरंज्या अंथरायच्या. आमच्याकडच्या पाठवू म्हणतात… अक्का, पाहुणे आले की तुम्ही घरी असंच करता काय गं? मी इतक्या वेळा जेवून गेलो, मला काही कळलं नाही.

बरं बरं, चेष्टा राहिली. तू मला एक सांग. एरवी येडू तुमच्या दारापुढनं गेला तरी अव्वा मागनं पाणी शिंपडायला लावतात. आणि आज त्याच्या खराट्यात त्यांच्या लेकाचं आयुष्य? एवढा मान तर त्या घरच्या देवालाही देत नाहीत. हीच बाळाबाई इथली पाण्याची टाकी आतनं घासते, लख्ख करते, आणि तहान लागली की इंजिनाच्या नळाला ओंजळ धरते. टाकीचं पाणी तिला चालत नाही. म्हणजे टाकीला ती चालत नाही. 

आणि इथनं काय दाजी एकटेच जातात? रोज थर्डक्लासची माणसं जातात, गठुडी घेऊन, पोरं काखेला मारून. त्यांची गाडी हलायच्या आत मागं खराटा फिरतो. त्यांच्या घरी आया नसतात वाटतं. 

… होटगी? मास्तर, होटगीला आली का सुटली?… आली. पाणी घेतीय इंजिन. 

अक्का, ऐक. आता भांडत बसायला वेळ नाही. अव्वांना एकच विचार. शकुन मोडतो तो कुणाच्या झाडण्यानं, घरच्यांच्या की परक्यांच्या?… विचार तू, मी थांबतो…

घरच्यांच्या. बरोबर. शेजारीण तिचं अंगण झाडते त्याचं आपल्याला काही लागत नाही. हो ना? 

मग आता विचार, येडू आपल्या घरचा आहे का?

… हॅलो?… काय म्हणाल्या?… हसू नको, नीट सांग…

तोंड धुऊन ये म्हणाल्या. म्हणजे नाही. जातीचा नाही, पातीचा नाही, सात पिढ्यांत संबंध नाही. शपथेवर सांगतात?… गळ्यातल्या लिंगाची शपथ. झालं तर मग. येडू परका, म्हणून त्याचा खराटा दाजींना लागत नाही. दाजी सुखरूप, प्लॅटफॉर्म स्वच्छ. 

वळवळू नका म्हणावं आता. शब्द दिला की दिला.

थांब, फोन धरून ठेव. त्याला सांगतो आणि येतो… येडू. ए येडू, लाग रे कामाला. आधी ते नारळाचं काढ, मग… 

काय?… का नको?… 

कधी?… कुठल्या डब्यात?

…

अक्का… आहेस ना?

येडू नाही म्हणतोय.

माजला नाही गं. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. दारातच उभा आहे, टोपी हातात घेऊन. तुमचं माणूस पुढच्या डब्यातनं गेलं, आमचं मागच्या, असं म्हणाला. त्यांची पोरगी गं, केराबाई. पहिल्यांदाच सासरी चालली होती. पुण्याजवळच खडकीला जावई कामाला आहे. त्याच गाडीत होती ती. शेवटच्या डब्यात.

मला काय माहीत? मी बँडजवळ होतो. कुणी सांगितलंच नाही, आणि मी विचारलंही नाही. आता आठवतंय, तिकडं शेवटाला बाळाबाई खिडकीतनं गाठोडं आत देत होती आणि तुमचा दिवाणजी तिला, ए सरक, रावसाहेबांची पेटी जाऊ दे, म्हणत होता. पेटी तिकडं जाणारच नव्हती.

आणि मी झाडू नका म्हटलं तेव्हा तिनं हात जोडले ना… भ्याली नव्हती ती, अक्का. तिला वाटलं, तिची लेक गेलीय ते मला कळलं. 

सांगितलं की. नोकरी जाईल म्हटलं. खोली जाईल म्हटलं, भिमाचं बघितलंस ना म्हटलं. बाळाबाई बोलली. म्हणाली, 'खोली गेली तर दुसरी बगू, सायेब. पोर पोचल्याबिगर म्या तिच्यामागं खराटा न्हाय मारनार.' 

नाही, पुढं काही नाही. एवढंच म्हणाली आणि खराट्यावर जाऊन बसली. कुणी उचलू नये म्हणून.

रोज झाडते, हो. रोज दुसऱ्यांच्या लेकींमागं झाडते. आज तिची गेलीय.

अव्वा काय म्हणतायत?… त्यांच्यात कसला आलाय शकुन?… तू सांगितलंस का त्यांना, की हा शकुन तुमच्यासारखाच आहे, फरक नाही? तुम्ही दोघी एकाच गाडीसाठी खोळंबून बसलायत म्हणावं. एकीच्या शब्दावर स्टेशन थांबतं आणि दुसरी थांबली तर ती कामचुकार.



अक्का, तू पहिल्यांदा सासरी गेलीस ते आठवतं? आईनं घर झाडलं नव्हतं. ज्वारीचा भुसा पायाला टोचतोय म्हणून अप्पा ओरडले, तरी नाही. पोरगी पोचू दे आधी, म्हणायची. तुमच्या पेठेतला तो माणूस निरोप घेऊन आला, तेव्हा तिनं केरसुणी घेतली. आणि मग झाडता झाडता रडायला लागली. मी विचारलं, आता का रडतीस, ती तर पोचली. तर मलाच केरसुणीनं हाणलं.

… रडू नको गं तू आता. सासूबाई काय म्हणतील…

आलो, मास्तर… होटगी सोडली? 

अक्का, स्पेशल सुटली. मास्तरांना घाम फुटलाय, कोटाची बटणं वरखाली लावलीत त्यांनी. 

दुसरं कोण झाडणार? हमालांना म्हटलं. ते म्हणतात आम्ही पेट्या उचलतो, केर नाही. पाणीवाला म्हणतो मी पाणीवाला. पोर्टर म्हणतो माझ्या बिल्ल्यावर ते काम लिहिलेलं नाही. कचरा करायला सगळी जातपात एक होती, काढायला दोनच माणसं, आणि ती बसलीत. तर म्हटलं… मीच झाडतो.

हो. मी. तुझा भाऊ. इन्स्पेक्टर.

अगं, हळू. कानात दडे बसले… त्यांना म्हणावं, दाजी दर भाषणात कायक थोर, कायक थोर, हातचं काम हीच पूजा म्हणतात. ते काय नुसतं पुण्याच्या लोकांसाठी आहे काय? 

असं?… मी घरचा आहे, म्हणून माझा झाडू लागेल?

अक्का, अव्वांना नीट आठवायला सांग. मागं तुमच्याकडं घराची वाटणी चालली होती आणि मी मधे बोललो, तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या? सगळ्या पाहुण्यांदेखत? हा आमच्यातला नव्हे, सुनेच्या माहेरचा आहे, यानं तोंड घालू नये. म्हणाल्या होत्या ना? मी तेव्हा ताट सोडून उठलो होतो… तेच. आज त्यांचा शब्द मी डोक्यावर घेतो. मी परका. आणि केराबाईचाही मी कुणी नव्हे. दोन्ही घरांना परका असा एकच माणूस आहे या स्टेशनावर, आणि त्याला पगार स्वच्छतेचाच आहे. 

साहेब बघेल तर बघू दे. मेमो देईल. देऊ दे. इन्स्पेक्टरच्या हातात खराटा का, असा मेमो काढायचा तर आधी तो कुणाच्या हातात असावा ते त्याला लिहावं लागेल. लिहू दे की. मलाही वाचायचंय.

नाही, येडूचं नाव कटणार नाही. प्लॅटफॉर्म साफ असला की नावं कोण विचारतं. घाण असली की विचारतात.

… हं?… नाही, खांब राहू दे. खांब मुद्दाम ठेवतोय. साहेबानं विचारलं तर सांगेन, आमच्या स्वच्छता संघाच्या अध्यक्षांची सही आहे.

बाळाबाई. ऊठ गं. दे तो खराटा… तुला मारायला नाही लावत. मी मारतो… 

दिला तिनं.

अक्का, हसतीय ती. तोंडाला पदर लावून. मी उलटा धरलाय म्हणं.

बरं, आता मी ठेवतो. पण एक काम कर. दाजी पोचल्याची तार तुमच्या घरी येईल ना, ती आली की लगेच इथं फोन कर. रात्र झाली तरी कर. अव्वा नको म्हणाल्या तरी कर.

माझ्यासाठी नव्हे. दाजी पोचतीलच, त्यांना काय होतंय. बाळाबाईसाठी. गाडी एकच आहे ना. केराबाईची तार कोण करणार?… हो. दाजी पोचले म्हणजे तीही पोचली. तेवढंच सांग, मी तिला सांगतो. तोवर दोघं या दाराशीच बसणार आहेत.

करशील?… नक्की?… आईची शपथ नको, नुसतं हो म्हण.

बरं. ठेवतो गं. या खराट्याला दोन्ही हात लागतात.